बैलाच्या कपाळावर विजार

मु. भाजे, तालुका मावळ
शके १८५९, कोजागिरी उलटून गेल्यावर

राजमान्य राजश्री बजरंगराव, मुक्काम भुसावळ, यांना दाजी महिपतीचा रामराम. इकडे आम्ही सारे सुखरूप आहोत. तुमची प्रकृती, तुमचा खोकला आणि तुमचं इंजिन यांची खुशाली सवडीने कळवावी. तुमच्या बहिणीची, म्हणजे मुक्ताबाईची, तब्येत उत्तम असून आवाजही उत्तम आहे. (चुलीपाशी बसून ती माझ्या लिहिण्यावर कान ठेवून आहे. लिहिण्यावर कान ठेवण्याची विद्या तिलाच येते.)

विषय त्या विजारीचा आहे. पत्र इथेच घडी करून ठेवू नका. आमचा हौशीरामदादा बसऱ्याच्या लढाईवरून परत आला, तेव्हा अख्खं गाव धोतरात आणि हा एकटा विजारीत. तिकडे गोदीत कामाला असलेल्या एका चिनी शिंप्याने ती शिवून दिली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तंबाखूची चंची एकच होती. कमरपट्टीवर लाल दोऱ्याने एक अक्षर काढलेलं. अक्षर कसलं, खांब, आढं, वासे असलेलं घरच ते! अर्थ विचारला की दादा म्हणायचा, "दोस्ताची खूण हाय," आणि मिशीला पीळ भरायचा. दादा लढाईतून जिवंत आला तो या अक्षरामुळे, असं गावाने ठरवून टाकलं. मग कोर्टात जायचं असो की मुलगी पाहायला, जो तो विजार मागून नेऊ लागला. मीसुद्धा तुमच्या बहिणीला पाहायला तीच घालून आलो होतो. दादा बुटका, मी लांबडा, त्यामुळे विजार गुडघ्याखाली जरा जाऊन थांबली होती. तुम्ही तेव्हा एवढेसे होतात, जोत्यावर बसून माझ्या नडग्यांना हसत होतात. (मुक्ताबाई म्हणते, विजारीमुळे नव्हे, नडग्यांची दया आली म्हणून होकार दिला.) दादा अंगणातून ओरडत होता, "अक्षर पुढं ठेव, अक्षर पुढं ठेव!" तो दिवस फार आठवतो हो.

पण विजार एक आणि गाव एवढं. म्हणून रखमाजीआबांनी ते अक्षर गेरूने शेजारपाजारच्या गोठ्यांच्या दारांवर काढून दिलं. मग ते कणग्यांवर गेलं, मग पोळ्याला बैलांच्या कपाळावर. दादा गेला, अक्षर राहिलं. पुढे तुम्ही विजार घालून भुसावळला गेलात, इंजिनावर कामाला लागलात, आणि ठिणगी पडून विजारीचं बूड जळालं. तुमचं कार्ड आलं, गावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून. (तोंड शाबूत होतं, जागा दुसरीच जळाली होती, पण असो.) तेव्हापासून तुम्ही गावात पाऊल टाकलेलं नाही.

तर यंदा पोळ्यानंतर काय झालं ते ऐका. लोणावळ्याच्या बंगल्यांमधून रेशीम विकत फिरणारा एक चिनी लेणी पाहायला आला होता. पाणी मागायला तो आपल्या गोठ्यापाशी थांबला. त्याने दार बघितलं, बैल बघितले, आणि हसत हसत तो खालीच बसला. आम्हाला वाटलं ऊन लागलं. मुक्ताबाईने नाकाशी धरायला कांदा आणला. तो बैलाकडे बोट दाखवून म्हणाला, "ये तो पतलून लिखा है!"

बजरंगराव, इतकी वर्षं आपण बैलाच्या कपाळावर 'विजार' लिहीत होतो. धान्याच्या कणगीवर 'विजार'. दारावर 'विजार'.

मग त्याने काटकीने मातीत ते अक्षर फोडून दाखवलं. (त्याचे आजोबा पंतोजी होते म्हणे.) डावी बाजू म्हणजे कपडा. उजवीकडे छप्पर, आणि छपराखाली गाडी. पण गाडीखाना तिथे नुसता उच्चारापुरता आहे, त्यात अर्थ शोधू नका, असं त्याने बजावलं. आबा कसले ऐकतात! "ह्ये तर माज्याच गोठ्याचं चित्तर हाय," म्हणाले. विजारीचंच याहून जुनं एक अक्षर आहे, असंही तो चिनी म्हणाला, त्यातल्या उजव्या तुकड्याचा सुटा अर्थ बढाई. तोही उच्चारापुरताच. पण विजार घालून देवळापुढून उगाच येरझाऱ्या घालणारा दादा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि हसता हसता डोळे भरले. आणखी एक सांगितलं, ते तुमच्या कामाचं आहे. फार जुन्या काळी त्यांच्याकडे विजार म्हणजे नुसते दोन सुटे पाय असत, बूड नसेच. म्हणजे तुम्ही जे जाळलंत ते मूळ विजारीत नव्हतंच. तुम्ही तिला वाडवडिलांच्या वळणावर नेलंत.

मी विचारलं, भांड्यावर आपण नाव घालतो, पण भांड्यावर 'भांडं' असं कोणी घालत नाही, मग विजारीवर 'विजार' कशाला? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, तुमच्या दादाने बोट दाखवून विचारलं असेल, याला तुमच्यात काय म्हणतात? शिंप्याने उत्तर शिवून दिलं.

आबांचा विरस होईल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "विजारीवर विजारच लिवणार न्हवं? धोतर लिवलं असतं तर खोटं ठरलं असतं. बजरंगाला म्हनावं, कापड जळालं, अक्षर हाय हितं." गाव आबांच्या बाजूचं आहे. तुमच्यावर कोणाचा राग नाही, आणि खरं सांगायचं तर कधी नव्हताच.

जास्त काय लिहिणे, तुम्ही समजदार आहात. वडीलधाऱ्यांना नमस्कार, इंजिनाला लांबूनच रामराम.

तुमचा दाजी,
महिपती

ता. क. जळकी विजार टाकली नसेल तर दिवाळीला येताना घेऊन या. आबांच्या नातवाला मुलगी पाहायला जायचं आहे. मुक्ताबाई ठिगळ लावून देईल.

आणखी एक ता. क. वरचं आबांनी लिहायला लावलं. विजार नसली तरी चालेल, तुम्ही या. दर दिवाळीला तुम्ही कोणाबरोबर तरी लुगडं पाठवता. ती त्याची घडी मोडत नाही, पेटीत ठेवून देते. आणि भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बाईसारखी, अंगणात जाऊन चंद्राला ओवाळते. बीजेची कोर डोंगराआड लगेच बुडते, तरी ही तबक घेऊन तशीच उभी. मी म्हणतो, अगं, चंद्र गेला, आता कशाला थांबलीस? तर म्हणते, "भुसावळची गाडी यायची हाय न्हवं अजून."