कोलूतला हिरवा डोंगर

शुक्रवार, दसऱ्यानंतरचा

आज नवरात्रीच्या कोलूतल्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या उतरवल्या. डोंगर म्हणून यांनी कोडैकानलच्या थंडीतून आणलेलं झाड ठेवलं होतं, दगडांत उशीसारखं फुगणारं, आणि त्यावर डोंगरावरचा देव मुरुगन. मुरुगन उचलला, तर खाली सगळं कुजून काळं.

हे म्हणाले होते, "अगे, त्याला वारा पाहिजे, घरात नको." मी म्हटलं, "दहा दिवसांत काय मरतंय? बायकोपेक्षा त्याचेच लाड." अख्खा उन्हाळा मुळाशी बर्फ ठेवून जगवलं होतं त्यांनी. कशी गुबगुबीत उशी होती. बायका वाहवा करत होत्या, मी मिरवत होते. यांचं झाड म्हणून एकीला तरी सांगितलं का? नाही.

संध्याकाळी यांना म्हटलं, कोडैकानलला जाऊन दुसरं आणू.

"कशाला? पुढल्या कोलूला?"