होडीच्या चित्राची व इतर सापडलेल्या गोष्टींची व्यवस्था

मी, लिहून ठेवणार, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, नोकरी ग्रंथालयात नोंदणीची, आज मंगळवारी सकाळी माझ्या मेजापाशी बसून हे स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट घरातील सर्वांनी मला यापासून परावृत्त करण्याचा आपापल्या परीने प्रयत्न केला आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला देता येत नाही. त्याची एक झडप लहानपणापासून नीट मिटत नाही आणि येत्या सोमवारी ती बदलायची आहे. शंभरातील सत्त्याण्णव जण या शस्त्रक्रियेनंतर घरी परततात असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेल्या तिघांनी काय काय लिहून ठेवले होते, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. म्हणून मी आपले लिहून ठेवते आहे.

आई म्हणाली, "असलं अभद्र लिहायला तुला दुसरा वार नाही मिळाला?" शेजारचे वकीलकाका त्यावर म्हणाले, "वहिनी, मृत्युपत्र केल्यानं माणूस मरत नाही. मी माझं तीनदा बदललंय आणि अजून तुमचा चहा पितोय." आईने त्यांना दुसरा कप दिला नाही.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आईचे. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम २. माझे कानावर लावायचे मोठे हेडफोन मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, द्यावेत. तो गेली आठ वर्षे ते न विचारता नेतो आणि एका कानाची गादी उसवलेल्या अवस्थेत परत आणून ठेवतो. आता त्याने विचारण्याची गरज उरणार नाही, एवढाच बदल होईल. दादाविषयी माझी एक जुनी तक्रार आहे आणि एक जुने ऋण आहे. दोन्हींचा उगम एकच आहे. ते कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. माझी नोंदपत्रे. ग्रंथालयाने टाकून दिलेल्या लाकडी कपाटाचे सहा खण माझ्या खोलीत आहेत. त्यांत दोन हजार तीनशे सोळा नोंदपत्रे आहेत. इंटरनेटवर मला जे जे कुतूहलाचे सापडले, त्यातील प्रत्येक गोष्टीचे मी ग्रंथालयाच्या रीतीने एक पत्र केले आहे: वस्तू, कर्ता, कोठे सापडली, कशामुळे सापडली. लोक विचारतात की इंटरनेटवरचे कागदावर कशाला उतरवायचे. माझा अनुभव असा की तिथली पाने पुस्तकांपेक्षा लवकर मरतात. माझ्या नोंदींपैकी निदान चारशे ठिकाणे आज उघडत नाहीत. ती कधीकाळी होती, याला माझे पत्र एवढाच पुरावा आहे.

वाचणाऱ्याला कल्पना यावी म्हणून काही नोंदी सांगते. एका गृहस्थाने जुन्या भयपटांतील मेघगर्जना ऐकून ऐकून सिद्ध केले की एकाहत्तर चित्रपटांत एकच वीज कडाडते. एका बाईंच्या सगळ्या कॅसेट पुरात वाहून गेल्या. त्यांनी त्या प्रत्येकीचे वेष्टण आठवून आठवून रंगवले आणि जिथे गायिकेचा चेहरा आठवला नाही तिथे आपल्या बहिणीचा काढला. एक निवृत्त लिफ्टचालक लिफ्टमध्ये वाजणाऱ्या सुरावटी शिट्टीवर वाजवून ठेवतो, मजल्यांच्या क्रमाने. एका संगीतशिक्षकाने पंचवीस लोकप्रिय गाण्यांच्या शेवटाकडे कान लावला आणि आवाज विरत जाताना मागे वादक एकमेकांशी काय बोलतात ते लिहून काढले. बहुतेक जण जेवणाविषयी बोलतात.

हे सहाही खण आमच्या ग्रंथपालबाईंना द्यावेत. एकच अट: पत्रे अकारविल्हे लावू नयेत. ती सापडण्याच्या क्रमाने आहेत, कारण प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे सापडली आहे. मेघगर्जनेशिवाय लिफ्टवाला सापडला नसता. बाईंना हा क्रम सोसणार नाही, हे मी जाणून आहे. त्यांनी माझ्यासाठी सोसावा.

पहिल्या खणातील पत्र क्रमांक एकवर मात्र कर्त्याचा रकाना रिकामा आहे. "कर्ता अज्ञात" असे लिहिण्याची आमच्या धंद्यात मुभा आहे. मी ते लिहिलेले नाही, कारण अज्ञात म्हटले की शोध थांबतो.

कलम ४. होडीचे चित्र. पत्र क्रमांक एक याच वस्तूचे आहे, आणि हे मृत्युपत्र मुळात याच कलमासाठी लिहिले जात आहे.

मी चौदा वर्षांची असताना चार महिने अंथरुणाला खिळून होते. माझ्या पलंगासमोर टीव्ही होता, पण त्या वर्षी दादाची मोठी परीक्षा होती, त्यामुळे आवाज पूर्ण बंद. माणसे नुसती ओठ हलवत. कथानक कळेना, म्हणून मी त्यांच्या मागच्या भिंती पाहू लागले. तेव्हा ध्यानात आले की एका मालिकेतील प्रेमळ डॉक्टरांच्या दिवाणखान्यात होडीचे जे चित्र आहे, तेच दुसऱ्या मालिकेतील खलनायकाच्या कचेरीत आहे. निळसर पाणी, रिकामी होडी आणि तिच्या टोकापासून निघून पाण्यात बुडणारा दोर. मी ओरडून सांगितले. दादा पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "समोर एवढा खून झाला आणि ही भिंत बघतेय." आजही तो पाहुण्यांना माझी ओळख 'आमची भिंतवाली' अशी करून देतो. ही तक्रार. त्याने आवाज बंद ठेवला नसता तर मला आयुष्यात काहीच सापडले नसते. हे ऋण.

पुढे नोकरी लागल्यावर इंटरनेटवर मला माझ्यासारखी त्रेसष्ट माणसे भेटली. जुन्या मालिका, चित्रपट आणि जाहिरातींतील मागची सजावट ओळखणाऱ्यांचा तो गट आहे. आम्ही स्वतःला 'भिंतपाहे' म्हणवतो. तिथे माझे टोपणनाव वाळवी. होडीचे चित्र आम्ही अडतीस ठिकाणी हुडकले आहे. कोणी काढले, ते कोणालाही ठाऊक नव्हते.

या गटात 'पाल' नावाने लिहिणारे एक गृहस्थ आहेत. माझ्या नजरेस पडलेल्या बहुतेक चित्रांत होडीचे टोक डावीकडे होते, त्यांच्या नजरेस पडलेल्यांत उजवीकडे. त्यांनी जाहीर केले की माझी छायाचित्रे कोणीतरी उलटी करून चढवलेल्या चित्रफितींतून घेतली आहेत. मी त्याच भिंतीवरील घड्याळाचे आकडे मोठे करून दाखवले. ते सुलटे होते. त्यावर त्यांनी लिहिले, "वाळवीताईंना घड्याळ दिसलं, दोर दिसला नाही. होडी काठाला बांधलेली आहे." मी लिहिले की होडी सुटलेली आहे, दोर तुटून पाण्यात पडला आहे. त्यांनी लिहिले, "वाळवी चौकट खाते, चित्र बघत नाही." या वाक्याला एकोणचाळीस जणांनी पसंती दिली. मी दोन वर्षे हे वाद सोडून दुसरे काही नीट वाचले नाही.

आता जे मी कोणालाही सांगितलेले नाही ते लिहिते.

गेल्या वर्षी मला ते गोदाम सापडले जिथून चित्रीकरणाला सामान भाड्याने जात असे. ते बंद होत होते. मालक, वयस्क गृहस्थ, उलट्या रचलेल्या खुर्च्यांमध्ये स्टुलावर बसले होते. मी कशासाठी आले ते सांगायला मला पाच मिनिटे लागली. अनोळखी माणसाशी बोलताना माझे तसेच होते. ते म्हणाले, "होडी ना? घेऊन जा. तिला विचारायला आलेली तू दुसरी." मी विचारले, "पहिलं कोण?" ते म्हणाले, "दात बनवणारा एक माणूस. दोन महिन्यांपूर्वी त्यानं दुसरी नेली. जोडी होती ती. पण सेटवाल्यांना एकच लागायची, त्यामुळे दोघी एका भिंतीवर कधी लागल्याच नाहीत." चित्रकाराचे नाव विचारले तेव्हा ते जरा ओशाळले. "शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. स्वतः आणून दिल्या होत्या त्यांनी. नाव नाही घेतलं लिहून. खुर्ची कुणी केली ते लिहून घेतो का आपण?"

पाल यांनी गटात एकदा सांगितले होते की ते दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात तयार करतात. म्हणजे त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या: चित्रे दोन आहेत, आणि दुसरे त्यांच्याकडे आहे. ही बातमी गटाला सांगितली असती तर वाद मिटला असता. परंतु त्यात आम्ही दोघेही बरोबर ठरलो असतो, आणि मला एकटीला बरोबर ठरायचे होते. मी चित्र घरी आणले आणि अकरा महिने गप्प बसले. जिने कर्त्याचा रकाना रिकामा आहे म्हणून जिवाचे रान केले, तिनेच शोधाची वाट अडवून धरली.

सोमवारी मी त्या तिघांत निघाले तर दादा ते चित्र प्रेमाने माळ्यावर ठेवील आणि दोन्ही चित्रे कधीच एका भिंतीवर येणार नाहीत. म्हणून माझ्याकडील होडीचे चित्र, चौकटीसह, मी पाल यांना देत आहे. त्यांनी दोन्ही शेजारी लावावीत आणि चित्रकलेच्या बाईंचा शोध पुढे चालवावा. कर्त्याचा रकाना भरण्याचा अधिकारही मी त्यांनाच देते.

कलम ५. माझा चष्मा कोणालाही देऊ नये. त्याचा नंबर कोणालाही लागू पडणार नाही, आणि आई तो देवघरासमोर ठेवून रडत बसेल.

येथवर मंगळवारी लिहिले. पुढील मजकूर शुक्रवारचा आहे.

मसुदा वाचून वकीलकाका म्हणाले, "अगं, 'पाल यांना' म्हणजे कुणाला? उद्या भिंतीवरच्या कुठल्या पालीला बोलावून द्यायचं? माणसाचं नाव, पत्ता पाहिजे." म्हणून मला गटाच्या संकेतस्थळावरून त्यांना खासगी पत्र लिहावे लागले. सहा मसुदे फाडले. सातव्यात कलम ४ मधील कबुली जशीच्या तशी उतरवली आणि नाव, पत्ता मागितला. उत्तर एका ओळीचे आले: "शुक्रवारी दुपारी स्वतःच येतो, पत्ता तुमचाच द्या."

ते आले. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, बुटके, बोटांना पांढरी पूड लागलेली. काखेत चादरीत गुंडाळलेले चित्र. दारातच म्हणाले, "वाळवीताई?" मी मान हलवली. "तुमचं पत्र वाचलं. मलाही सांगायचंय काहीतरी. त्या गोदामवाल्यांनी मलाही सांगितलं होतं, जोडी आहे म्हणून. तेरा महिने झाले."

दादा मागून म्हणाला, "म्हणजे दोघंही सारखेच. या, बसा."

वास्तविक दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहण्यापलीकडे कोणाच्या मनात काही नव्हते. परंतु चौकटी जाड होत्या, प्रत्येकीने कडेचे दोन बोटे चित्र झाकले होते, आणि या माणसाचा धंदा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यांनी खिशातून दात कोरायची बारीक हत्यारे काढली आणि मला विचारले, "काढू?" मी म्हणाले, "काढा. चौकट वाळवी खाते असं समजा." ते पहिल्यांदाच हसले. एकेक खिळा सोडवायला पाऊण तास गेला. आई चहा घेऊन आली ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

त्यांची होडी डावीकडे ठेवली, माझी उजवीकडे. दोघींची टोके एकमेकींकडे. पाण्यात बुडालेला दोर चौकटीखालच्या त्या दोन बोटांत पुन्हा वर आला होता. दोन्ही चित्रांत एकाच उंचीवर. कडा जुळवल्या तेव्हा तो एकच दोर झाला, एका होडीपासून दुसऱ्या होडीपर्यंत. तुटलेला नव्हता आणि काठालाही बांधलेला नव्हता. चित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात, एकीवर 'डावीकडचे' आणि दुसरीवर 'उजवीकडचे' असे होते. खाली दोन्हींवर: 'जोडीने लावावे.' नाव कोठेही नाही. पण बाईंचे हस्ताक्षर आता आमच्याजवळ आहे, आणि शाळांमध्ये जुन्या हजेरीपटांची कमतरता नसते.

सहीची वेळ झाली तेव्हा अडचण आली. दुसरे साक्षीदार, म्हणजे खालचे शिंपीकाका, बाहेरगावी गेले होते. पाल म्हणाले, "मी करतो की सही." वकीलकाकांनी चष्मा वर केला. "करा, पण एक समजून घ्या. ज्याला मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये, असा माझा शिरस्ता आहे. सही केलीत तर चित्र मिळणार नाही."

"मग आणा पेन," ते म्हणाले. "मला ते असं मिळायला नकोच आहे. यांनी सोमवारी जावं, परत यावं, आणि मग हजेरीपट बघायला चलावं. मला एकट्याला शाळेत शिरायची लाज वाटते."

वकीलकाकांनी नवी स्वच्छ प्रत काढण्याचा सल्ला दिला. मी तो मानलेला नाही. कलम ४ मधील शेवटची तीन वाक्ये, "म्हणून माझ्याकडील" पासून "अधिकारही मी त्यांनाच देते" पर्यंत, मी एका रेघेने खोडली आहेत. खालचा मजकूर वाचता यावा अशी काळजी घेतली आहे आणि समासात सही केली आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे:

कलम ४ (सुधारित). दोन्ही होड्या आज आमच्या बाहेरच्या खोलीत, जोडीने, भिंतीवर लावल्या आहेत. खिळे दादाने ठोकले. मी नसले तर त्या हलवू नयेत आणि माझे चित्र आईचे समजावे. दुसरे पाल यांचेच आहे, त्यांनी हवे तेव्हा यावे. कर्त्याचा रकाना भरण्याचा अधिकार मात्र मी कोणालाही देत नाही. तो मी माझ्याकडेच ठेवत आहे.

वरील मजकूर मी वाचला, दादाने मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो बरोबर आहे.

स्थळ: राहत्या घरी, बाहेरची खोली, चित्रांसमोर
दिनांक: अकरा, शुक्रवार, दुपारचे सव्वाचार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार
१. (सही) वकील, शेजारी. दुसरा कप मिळाला.
२. (सही) कृत्रिम दात बनवणारा. या मृत्युपत्रान्वये मला काहीही मिळत नाही, हे वाचून व समजून सही केली.