प्रार्थनेचा विषय

ताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, शिलाई मशीनच्या खणातच ठेवणार आहे.

मी लपून पिते, हे फक्त तुला सांगितलं होतं. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून तू ते पाळकबाईंच्या कानावर घातलंस, आणि रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ तू म्हणालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लपवायला काही उरलंच नाही, तेव्हा घरी येऊन गुडघे टेकले आणि पहिल्यांदा प्रभूशी खरं बोलले. बाटली मोरीत ओतली. आज एकविसावा दिवस.

प्रभूनं मला सोडवलं. तुला माफ करणं मात्र अजून जमत नाही. त्यासाठी प्रार्थना कर, पण या वेळी मनातल्या मनात.

तुझी धाकटी