सात नंबरच्या नटावरची रेघ

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागातच लिहिते आहे. मंगळवारी दादाच्या जहाजाची चाचणी झाली. हादरा सोसतं का ते पाहायला जवळच पाण्याखाली स्फोट केला. पहिला धक्का अपेक्षेइतकाच बसला. पण स्फोटाच्या वायूचा बुडबुडा फुगतो, आवळतो, पुन्हा फुगतो, तेव्हा दुसरा दणका बसतो आणि अख्खं जहाज छडीसारखं लवतं. त्या वेळी इंजिनाच्या पायावरच्या सात नंबरच्या सेन्सरने आमच्या हिशेबाच्या तिप्पट हादरा दाखवला. बाकीचे अकरा दूरचे, ते गप्प.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की सेन्सर सैल बसवला असणार, म्हाताऱ्याचं निवृत्तीआधीचं शेवटचं काम, हात थरथरला असेल. ते आकडे वगळून मी अहवालावर सही करायची आहे. बाबा, खरं सांगा, नट कमी आवळला होतात का? दादा त्याच इंजिनापाशी उभा असतो आणि पंधराला जहाज निघतं. चूक कबूल करायला तुम्हीच शिकवलंत.

आईचे गुडघे कसे आहेत?

आपली,
ठमी

६ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. ते लिहिताना दात आवळलेले होते, हे समजून घे.

हात थरथरतो, खरं आहे. चहा बशीत सांडतो. पाना धरला की थरथरत नाही. नट आवळून झाला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल रेघ ओढायची; नट केसभर फिरला तरी रेघ तुटते. हे तुला सातव्या वर्षी तुझ्याच सायकलीवर शिकवलं. शेगडीवरही ओढली म्हणून तुझी आई अजून ऐकवते. तू ती रेघ पाहिलीस का? पत्रात त्याचं एक अक्षर नाही. म्हणजे कागद बघून बापाला गुन्हेगार ठरवलंस. साहेब जन्मात कधी इंजिनाखाली गेला नाही, त्याचं सोड. पण तू?

आधी खाली उतर, मग लिही. तुझ्या आईचे गुडघे तुझ्यापेक्षा बरे वाकतात.

तुझा बाप
(राग उतरला की बाबा)

११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उतरले. पोटावर सरपटत गेले. रेघ अखंड आहे, नट जागचा हललेला नाही. त्याच्या शेजारी, इंजिनाच्या पायाच्या वेल्डिंगमध्ये, वीतभर भेग आहे. अंधारात डोळ्यांना दिसली नाही, आधी बोटाला लागली.

साहेबांनाही तिथेच बोलावलं. काळे गुडघे झटकत ते म्हणाले, भेग आधीचीच असेल. मी विचारलं, मग आधीची भेग घेऊन माणसं पाठवायची का? सही केली नाही. सातचे आकडे आणि भेगेचा फोटो कप्तानांना दिला. जहाज दुरुस्तीला गेलं. माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय, तो रागातच लिहीन. दादाची बॅग भरून झाली होती, त्यामुळे तो माझ्याशी बोलत नाही. न बोलेना का, पण आहे.

भेग वाढते का ते कळावं म्हणून तिच्या दोन्ही टोकांना लाल रेघा ओढल्या, तुमच्याच डबीतल्या रंगाने. हात थरथरत होता. माझाच. आधी रेघ पाहायला हवी होती.

राग असू द्यावा, लोभ त्याहून वीतभर जास्त असावा.

आपली,
ठमी