अजिनाथ गाईडचं एकच व्हर्ब

३ नोव्हेंबर, सोमवार
दौलताबादच्या किल्ल्यावर बावीस वर्षं गाईड आहे, पण असा चान्स पहिल्यांदाच. टूर कंपनीच्या मोनिका मॅडम गेटवर आल्या होत्या. म्हणल्या, अजिनाथभाऊ, फॉरेनच्या पाहुण्यांसाठी पगारी माणूस पाहिजे. इंग्लिश येतं का? मी येस म्हणलो. उच्चार बरोबर होता, मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं. सतरा तारखेला ट्रायल.
चौदा दिवस लई झाले. इंग्रजांना दीडशे वर्षांत मराठी आली नाय, पण मी काय इंग्रज आहे का?
बायको म्हणली, नाय जमलं तर? तिच्या भावानं, गोकुळनं, पडेगावच्या गोडाऊनवर वॉचमनची जागा धरून ठेवलीय. म्हणलं, दिपाली, वॉचमनला कुत्र्यांशी बोलावं लागतं. मी माणसांशी बोलणारा माणूस आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
शेजारच्या रत्नमालाताई शाळेत इंग्लिश शिकवतात. त्यांनी एक व्हर्ब दिलं. क्लाइम्ब. म्हणजे चढणं. किल्ल्याला शोभतं. आज क्लाइम्ब, काल क्लाइम्ब्ड, उद्या विल क्लाइम्ब. म्हणल्या, हे रेग्युलर आहे, मागं ईडी लावली की भूतकाळ. ईडी लागली की माणूस भूतकाळात जातो, हे मला पेपरवरून माहीत होतं.
दहा मिनिटांत पाठ.
निश्चय : रोज पहाटे पाचला उठून शंभर वेळा म्हणणे.

५ नोव्हेंबर
पाचला उठलो नाय. थंडी. पण झोपेत म्हणत होतो. दिपाली म्हणली, नुसते घोरत होता. ते कंटिन्युअस टेन्स असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
मोठा शोध लागला! ईडी सगळ्यांनाच लावायची. किंग कम्ड. किंग सिट्ड. किंग गोड. चौदा दिवसांचं काम पाच दिवसांत आटोपलं.
ताईंना ऐकवलं. त्या म्हणल्या, भाऊ, गो चं वेंट होतं. आता गो मधलं एक तरी अक्षर वेंटमध्ये आहे का? म्हणल्या, ते इर्रेग्युलर आहे. म्हणलं, ताई, वर्गातल्या इर्रेग्युलर पोरांना पाठीशी घालता तसं इथं नको. मी सगळ्यांना रेग्युलर करतो.
ताईंनी चहा दिला. विषय बदलला. हरल्या की असंच करतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ताई हट्ट सोडत नायत. डाय चं डाइड बरोबर, फॉल चं फॉल्ड चूक. त्याचं म्हणे फेल होतं. आधीच पडलेला, वर नापास? हा न्याय नव्हे.
शेवटी मीच तोड काढली. भूतकाळ बंद. सगळीकडं विल लावायचं. विल गो, विल कम, विल फॉल. व्हर्बला हातच लावायचा नाय, मग रेग्युलर-इर्रेग्युलर भांडण मिटलं.
ताई म्हणल्या, अहो, पण तुम्ही इतिहास सांगताय! म्हणलं, पाहुणे पहिल्यांदाच येणार. त्यांना तो नवाच.

१६ नोव्हेंबर, रविवार
सराव केला नाय. परीक्षेच्या आदल्या दिवशी डोकं मोकळं ठेवतात. शर्टाला इस्त्री.

१७ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी ६
ट्रायल झाली.
इंग्लंडचं म्हातारं जोडपं. मागं मोनिका मॅडम. सुरुवात झकास. आय विल क्लाइम्ब, यू विल क्लाइम्ब. म्हातारबाबा खूश. खंदकापाशी सांगितलं, क्रोकोडाइल विल कम. म्हणायचं होतं की पूर्वी मगरी असायच्या म्हणतात. आजीबाई कठड्यापासून चार पावलं मागं सरल्या. मन लावून ऐकतायत, असं मला वाटलं.
मग अंधारी. तो काळोखी भुयारी रस्ता, जिथं शत्रू शिरला की वरून गरम तेल पडायचं, अशी आमची गाईड लोकांची खास गोष्ट. तोंडाशी उभा राहून आवाज खाली आणला. यू विल गो इनसाइड. हॉट ऑइल विल फॉल. यू विल डाय.
म्हातारबाबांनी विचारलं, व्हेन? मला वाटलं, आत कधी जायचं विचारतायत. म्हणलं, टेन मिनिट्स.
आजीबाई वळल्या आणि उतरायलाच लागल्या. त्या वयात तो स्पीड! पायऱ्या घसरड्या, म्हणून मी पळत जाऊन कोपर धरलं. त्या ओरडल्या. तरी सोडलं नाय. खाली नेऊनच सोडलं. गेटवरचा शिपाई म्हणला, अरे भाई, क्या बोल दिया?
इतकं परिणामकारक वर्णन आजवर कुणी केलं नसेल. पण मॅडम पाहुण्यांना घेऊन तशाच निघून गेल्या.

१८ नोव्हेंबर
मॅडमचा फोन नाय. गोकुळचा आला, उचलला नाय.
किल्ल्यावर गेलो नाय. दिपालीला डोकं दुखतंय म्हणलं. ती नुसती शेजारी येऊन बसली. बावीस वर्षं अंधारीतून माणसं नेली, कुणाला ठेच लागू दिली नाय. अन् काल दोन म्हातारी माणसं मला भिऊन पळाली.
इंग्लिश भाषाच जरा भित्री आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मोनिका मॅडम घरी आल्या. म्हणल्या, पाहुणे हॉटेलवर दोन दिवस हसतायत. पण आजीबाईंनी सांगितलं, तो माणूस वेडा असेल, पण त्यानं मला पडू दिलं नाय. अंधारीत हात धरायला तोच पाहिजे.
नोकरी मिळाली! पगारी! बोलायला शहरातून विशाखा नावाची पोरगी येणार. मी बॅटरी धरायची आणि पाहुण्यांचे हात.
लेटर इंग्लिशमध्ये. ताईंनी वाचून दाखवलं. अजिनाथ विल नॉट स्पीक टु द गेस्ट्स. मी लगेच पकडलं. विल म्हणजे फ्युचर. म्हणजे आज बोलायला हरकत नाय.
ताई म्हणल्या, व्हय. आज पाहुणे नायत.
विचारलं, मग कधीपर्यंत?
म्हणल्या, भाऊ, या विलला शेवटची तारीख नसते.
सही केली. मराठीत.