बरणीतली वीज

हातकणंगले,
३ नोव्हेंबर १९९६

ती. प्रसेनजीतदादास,
प्रियाचा सप्रेम जयभीम.

आम्ही बरे आहोत. लेहच्या थंडीत तू कसा आहेस ते कळव. आबा लाइनमनच्या नोकरीतून सुटले, पण वीज त्यांना सोडत नाही. डिसेंबरात मी शिकवते त्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. मुलांना वीज कडाडताना दाखवता येईल का, असं मी त्यांना सहज विचारलं. झालं, परड्यात कपॅसिटरचा कारखाना सुरू! प्लास्टिकच्या कागदात अॅल्युमिनियमची पानं गुंडाळायची, लोणच्याच्या बरणीत उभी करायची, वरून ट्रान्सफॉर्मरचं तेल. बटण चालू केलं की त्यात म्हणे वीज भरते आणि साठून राहते. तीन बरण्या फुटल्या. आई म्हणते, आमटीलाबी त्याच तेलाचा वास मारतोय. आबांनी विचारलंय, तेलात बुडबुडे राहत्यात, काय करावं? तू फौजेत सिग्नलमध्ये हाईस, तुला ठावं असंल की.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी प्रिया

लेह,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. प्रियास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो, मग हसू गेलं. बुडबुड्यांचं राहू दे. आबांना एवढंच वाचून दाखव: बटण बंद केलं, दोन्ही टोकांना तार टेकवून ठिणगी पाडली, तरी बरणी रिकामी झाली असं समजू नका. थोड्या वेळानं तिच्यात पुन्हा वीज भरते, आपोआप. म्हणून तार काढायची नाही, बांधूनच ठेवायची. खरं तर मी एप्रिलात सुट्टीवर येईपर्यंत हातच लावू नका. आईस नमस्कार.

तुम्हा सर्वांचा,
प्रसेनजीत

हातकणंगले,
४ डिसेंबर १९९६

ती. दादास,
जयभीम.

तार पोचली असेल. तुझं पत्र काल आलं, आबा जाऊन तेरा दिवसांनी. आईला ते वाचून दाखवलं नाही.

त्या दिवशी मी शेजारीच उभी होते. त्यांनी बटण बंद केलं, तार टेकवली, ठिणगी पडली. मला म्हणाले, बघ, मेली आता. मग चहा प्यायले आणि सांडलेलं तेल पुसायला बरणी तोंडाशी दोन्ही हातांनी धरली, दोन्ही टोकांना हात लागले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदन रविवारी झालं. आबांचे जोडीदार सयाजीकाका येऊन उरलेल्या बरण्या घेऊन गेले. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला नसता नाद. दादा, त्यांचं चुकलं का? आणि मी मागितलंच नसतं तर?

प्रिया

लेह,
२० डिसेंबर १९९६

चि. प्रियास,
जयभीम.

रजा मंजूर आहे. बर्फामुळे विमान नाही. रोज पिशवी घेऊन विमानतळावर जातो आणि परत येतो.

आबांचं काही चुकलं नाही. खांबावर तीस वर्षं जे केलं, तेच त्यांनी केलं. तारेत वीज मागं राहत नाही, बरणीत राहते. मीही हे गेल्या वर्षी इथंच शिकलो. मे महिन्यात घरी होतो, तेव्हा आबांनी दोनदा विचारलं होतं, नवीन काय शिकलास. मी म्हणालो, तुम्हाला कळायचं नाही.

आईजवळ बसत जा.

तुझा दादा