न लागलेला लाल दिवा

अण्णा, आज सकाळी मिक्सर लावताना तुमचा त्या दिवशीचा चेहरा आठवला आणि हात जागीच थांबला. जे. पी. नगरच्या आपल्या भाड्याच्या घरातली मागची खोली आठवली. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलात तेव्हा आई म्हणाली होती, आता स्वल्प बसा तरी. तुम्ही बसलात, पण मागच्या खोलीत टेबल टाकून, टेस्टर बनवायला. दोन वायरी, दोन टोकं, मधे प्लास्टिकच्या नळीत लाल दिवा. टोकं तारांना लावायची; दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. डिप्लोमा करून घरी बसलेली मी नळ्या कापायचे, खोकी भरायचे. सोल्डरिंगला मात्र तुम्ही मला हात लावू द्यायचा नाहीत. एकदा मी एक टेस्टर नुसताच खोक्यात टाकला, तपासला नाही, तेव्हा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "कुणीतरी याच्यावर भरवसा ठेवून तारेत हात घालणार आहे." तुम्ही ओरडला असता तर मी विसरले असते.

त्या दिवशी आई चटणी वाटत होती. उन्हात खिडकीत पडलेला एक टेस्टर उचलून मी सहज तिच्याच बोर्डाच्या दुसऱ्या प्लगला लावला. मिक्सर घरघरतोय आणि माझ्या हातातला दिवा काळाच. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात, टेस्टर तळहातावर आपटून प्लगला लावलात, दिवा लागला. पुन्हा लावलात, विझला. मग टेबलाशी जाऊन नळी उघडलीत, भिंग डोळ्याला अगदी चिकटवलंत, बराच वेळ बघत राहिलात आणि शेवटी म्हणालात, तू बघ. सोल्डरचा जोड करडा पडला होता, तार त्यात सैल हलत होती. गार असताना चिकटून राहायची, तापली की सुटायची. घरात उरलेले सगळे तव्याशेजारी ठेवून आपण तापवले. त्यातले बरेचसे मुके झाले. आणि तसलेच शिवाजीनगरच्या दुकानात विक्रीला जाऊन पडले होते.

दुकानाचा फोन लागेना. तुम्ही स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. तुमच्या स्कूटरला कुणी हात लावलेला तुम्हाला चालत नसे. मला वाटलं, घाबरलात म्हणून देताय.  दुकानदार चाचा भला माणूस. त्यांनी सगळा माल काढून दिला, विकलेले जवळपासच्याच गल्ल्यांत होते तेही पोऱ्याला न पाठवता स्वतः फिरून गोळा करून आणले. एकच उरला. के. आर. पुरमचा एक वायरमन घेऊन गेला होता; स्टेशनच्या मागे कुणाचं नवं घर बांधताहेत, तिथं त्याचं काम चालू आहे, म्हणाले.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. प्रत्येक खांबाखाली मला माणसं जमलेली दिसत होती, आणि जवळ गेलं की ती भाजीवाल्याभोवती उभी असायची. माझ्या खांद्यावर तुमची बोटं रुतलेली. घर सापडलं तेव्हा तो शिडीवर होता, टेस्टर खिशात, दोन्ही हात तारांच्या गुंत्यात. तुम्ही फाटकातूनच कानडीत ओरडलात, "केळगे इळी!" खाली उतर. तो हसला, खिशातला टेस्टर वर करून म्हणाला, "करंट इल्ल, सर." करंट नाही. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, हात जोडून. म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून तो उतरला.

तुम्ही त्याला समजावून सांगत होतात तेवढ्यात शेजारच्या घरातला रेडिओ गाण्याच्या मधूनच सुरू झाला. लोडशेडिंग संपलं होतं. ओसरीतला बल्ब लागला. तो पुन्हा शिडी चढला, टेस्टरची टोकं जपून त्याच तारांना लावली. लाल दिवा लागला नाही. तो उतरून पायरीवर बसला आणि शर्टाला हात पुसत राहिला, पुसतच राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, बाकीचे कुठं आहेत? सगळे परत आले, हा शेवटचा, असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा त्यानं मान हलवली. "सरी, सर." ठीक आहे.

परत निघताना स्कूटरपाशी तुम्ही मला थांबवलंत. "मला जोड दिसतच नव्हते गं," म्हणालात. "कित्येक महिने. नुसत्या सवयीनं हात फिरत होता." आम्हाला का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर म्हणालात, "सांगितलं असतं तर टेबल गेलं असतं."

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुम्ही पुन्हा टेबलाशी बसलात, सोल्डरिंग माझ्याकडे आलं. पण तुमची भीती गेली नाही. खोकं बंद झाल्यावरही तुम्ही ते उघडायचात. पेपरात कुणी वायरमन गेल्याची बातमी आली की गाव कुठलं, ते आधी शोधायचात. शेवटच्या आजारात ग्लानीतही तुम्ही कुणाला तरी खाली उतर म्हणत होतात. नर्सला वाटलं, तिला म्हणताय.

टेबल अजून आहे, अण्णा. आता माझ्या हाताखाली चार बायका काम करतात आणि शेवटची तपासणी मी करते. काही दिवसांपासून मला बल्बभोवती धूसर कडं दिसतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं लेकीला सांगून मोकळी झालेय. हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते: काल एक जोड मी बोटानं चाचपून पास केला.